जॉर्ज सदरलँड : आपल्याला 'गोरे नाही' म्हणणारा सिनेटर-न्यायमूर्ती (चर्चेचा धागा; धागाकर्ता 'तळटीप')

तळटीप

मंडळी, अमेरिकेतल्या जुन्या भारतीयांबद्दल काहीही वाचायला घेतलं की भगतसिंग थिंड हे नाव येतंच. (आपले हुतात्मा भगतसिंग नव्हेत. हे अमृतसरकडचे, १९१३ साली सिअॅटलला उतरलेले, ऑरेगनच्या लाकूडगिरण्यांत राबलेले, १९१८ साली अमेरिकन सैन्यात भरती झालेले शीख गृहस्थ.) १९ फेब्रुवारी १९२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सांगितलं की तुम्ही 'गोरे' नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. निकाल एकमताचा. पण तो लिहिला कुणी, हे फारसं कुणी विचारत नाही.

तो लिहिला जॉर्ज सदरलँड यांनी. न्यायालयात येऊन त्यांना जेमतेम साडेचार महिने झाले होते. त्याआधी ते बारा वर्षं यूटा राज्याचे सिनेटर होते. अमेरिकन घटनेचे विद्यार्थी त्यांना 'चार घोडेस्वारां'पैकी एक म्हणून ओळखतात, म्हणजे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टच्या योजना हाणून पाडणाऱ्या चार म्हाताऱ्या न्यायमूर्तींपैकी एक. ही ओळख खोटी नाही, पण फार अपुरी आहे. माणूस विचित्र आहे, म्हणून हा धागा.

थोडक्यात आधीचं आयुष्य. जन्म १८६२, इंग्लंडमधलं स्टोनी स्ट्रॅटफर्ड. वडील मॉर्मन या ख्रिस्ती पंथात गेले म्हणून पुढच्याच वर्षी कुटुंब यूटात आलं. तिथे पोचल्यावर वडिलांनी पंथ सोडून दिला! मॉर्मनांच्या मुलखात बिगरमॉर्मन म्हणून पोरगा वाढला. बाराव्या वर्षी शाळा सुटली, कपड्यांच्या दुकानात नोकरी. पुढे प्रोव्होच्या ब्रिगहॅम यंग अकादमीत शिकला, मग मिशिगनला जाऊन थोडा काळ कायदा. तिथे थॉमस कूली शिकवायचे, सरकारच्या अधिकाराला घटनेने घातलेल्या मर्यादा हा त्यांचा जन्मभराचा विषय. सदरलँडच्या डोक्यात ते कायमचं बसलं.

यूटा १८९६ साली राज्य झालं. त्या राज्याच्या स्वतःच्या पहिल्याच सिनेटमध्ये हे होते. १९०० साली विल्यम किंग यांना निसटतं हरवून काँग्रेसच्या (म्हणजे अमेरिकन संसदेच्या) खालच्या सभागृहात, १९०५ साली वरच्या, म्हणजे सिनेटमध्ये. तेव्हा सिनेटर लोक निवडत नसत, राज्याचं विधिमंडळ निवडायचं. १९११ला पुन्हा तसंच. १९१६ साली पहिल्यांदा थेट जनतेपुढे जावं लागलं आणि पडले. कुणाकडून? त्याच विल्यम किंगकडून.

आता माझा मुद्दा. सगळे लिहितात की सिनेटमधला सदरलँड सुधारणावादी आणि न्यायालयातला सदरलँड प्रतिगामी. स्त्रियांना मताधिकार देणारी घटनादुरुस्ती १९१५ साली सिनेटमध्ये मांडणारा हाच. कामगारांना अपघाताची भरपाई मिळावी म्हणून झटणारा हाच. मग झगा चढवला आणि बदलला, असं म्हणतात. मला ते पटत नाही. त्यांची निकालपत्रं वाचताना सारखं वाटतं की न्यायमूर्ती सदरलँडच्या कोर्टात सिनेटर सदरलँड साक्षीला उभा आहे.

थिंडचंच घ्या. निकालाच्या शेवटी ते १९१७ च्या इमिग्रेशन कायद्याचा दाखला देतात. त्या कायद्याने भारतासकट आशियाचा मोठा पट्टा 'बंदीक्षेत्र' ठरवला होता. सदरलँडचा युक्तिवाद असा की ज्यांना देशात येऊच द्यायचं नाही असं काँग्रेसने ठरवलं, त्यांना नागरिक करायचं तिच्या मनात असणं संभवत नाही. हा कायदा अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून ५ फेब्रुवारी १९१७ रोजी मंजूर झाला. सदरलँडची सिनेटची मुदत संपली ३ मार्चला. म्हणजे ज्या सभागृहाच्या 'मनात' काय होतं हे ते सांगताहेत, त्या सभागृहाचे ते स्वतः सदस्य होते.

बाकीचं प्रतिसादांत. दमलो टंकून.

एडिसनची_आत्या

वाचनखूण साठवली. इथे येऊन सत्तावीस वर्षं झाली. नागरिकत्वाच्या परीक्षेला शंभर प्रश्न पाठ केले, त्यात थिंडचं नाव नव्हतं. माझ्या मुलीने कॉलेजात वाचलं आणि जेवताना विचारलं, "आई, आपण कॉकेशियन आहोत का?" मला काय सांगावं कळेना. तो 'कॉकेशियन'चा घोळ कुणी सोपा करून सांगेल का?

तळटीप

आत्या, प्रयत्न करतो. १७९०च्या कायद्यानुसार फक्त 'स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं'ना नागरिक होता येई. यादवी युद्धानंतर, १८७० साली, आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी दुसरं दार उघडलं. बाकी जगाला दारच नाही. त्यामुळे जो तो पहिल्या दाराशी जाऊन 'मी गोरा' म्हणून सिद्ध करायला लागला.

नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी माणसाची केस आली. वीस वर्षं अमेरिकेत, बर्कलीत शिकलेला, घरात इंग्रजी बोलणारा. शिक्षण आणि चारित्र्य या दोन्ही बाबतींत तो पात्र आहे हे सदरलँडनी निकालात मान्यच केलं. मग म्हणाले, पण 'गोरा' म्हणजे नुसता कातडीचा रंग नव्हे, 'गोरा' म्हणजे कॉकेशियन वंशाचा, म्हणजे तेव्हाचे शास्त्रज्ञ युरोपीयांना ज्या वंशात धरत त्यातला. जपानी त्यात बसत नाहीत. संपलं.

थिंडच्या वकिलांना वाटलं, झालं काम! त्या काळच्या मानववंशशास्त्राच्या पुस्तकांत उत्तर भारतीय कॉकेशियनांतच धरले जात. तीन महिन्यांत तोच न्यायमूर्ती म्हणाला, शास्त्रज्ञ काय म्हणतात ते राहू द्या. कायद्यातला शब्द सामान्य माणसाच्या बोलीतला आहे आणि त्याचा अर्थ सामान्य माणूस लावतो तोच. गोरापान स्कँडिनेव्हियन आणि सावळा हिंदू यांचा पूर्वज कुठेतरी प्राचीन काळी एक असेलही, पण आज त्यांच्यात फरक आहे हे साध्या माणसालाही दिसतं, अशा अर्थाचं वाक्य आहे. ('हिंदू' हा तेव्हा अमेरिकेत सगळ्या भारतीयांना लावायचा शब्द. पगडीवाल्या शिखालाही हिंदूच म्हणत.)

खवचट_खारेदाणे

म्हणजे जपान्याला शास्त्राने बाहेर काढला आणि पंजाब्याला व्यवहाराने. चित भी मेरी पट भी मेरी.

रिकामटेकडी

+१

बाराखडी

धागा छान, पण एक गोष्ट सांगायची राहतेय आणि ती आपल्याला अडचणीची आहे. सर्वोच्च न्यायालयापुढे जो प्रश्न पाठवला होता त्याचे शब्द असे होते: अमृतसरला जन्मलेला, शुद्ध भारतीय रक्ताचा, उच्च जातीचा हिंदू हा गोरी व्यक्ती आहे काय? थिंडच्या बाजूच्या मांडणीचा कणाच जातीचा होता. आम्ही आर्य, आमच्यात रोटीबेटी बंद, त्यामुळे आमचं रक्त मिसळलेलं नाही. एवढ्यावर थांबले नाहीत. भारतातल्या मूळ रहिवाशांकडे उच्चजातीय हिंदू ज्या नजरेने बघतो, त्याच नजरेने अमेरिकन माणूस निग्रोकडे बघतो, असंही लिहून दिलं. विवाहाच्या दृष्टीने!

म्हणजे वंशभेद चुकीचा असं कुणी म्हणतच नव्हतं. आम्हाला वरच्या पंगतीत घ्या, एवढीच मागणी. १९१६ च्या मे महिन्यात त्याच अमेरिकेत, कोलंबिया विद्यापीठात, भीमराव आंबेडकर नावाचा पंचविशीतला विद्यार्थी भारतातल्या जातींची उत्पत्ती यावर निबंध वाचत होता. सात वर्षांनी तीच जात वॉशिंग्टनला गोरेपणाचा पुरावा म्हणून सादर झाली.

सदरलँड चूक होते हे मान्य. पण आपली बाजू धुतल्या तांदळासारखी नव्हती.

निवृत्त_मुन्सफ

बाराखडी यांच्याशी सहमत. थोडी भर घालतो.

थिंड यांचे एक वकील होते सखाराम गणेश पंडित. जन्म अहमदाबादचा, वकिली लॉस एंजेलिसला. यांना स्वतःला १९१४ साली नागरिकत्व मिळालेलं होतं. थिंडचा निकाल लागल्यावर सरकारने ज्या भारतीयांचं आधी दिलेलं नागरिकत्व काढून घ्यायचा सपाटा लावला त्यांत यांचाही नंबर लागला. अशिलाची केस हरलेला वकील आता स्वतःच प्रतिवादी.

इथे या गृहस्थांनी जे केलं ते कायद्याच्या विद्यार्थ्यांनी वाचावं. 'मी गोरा आहे' हा वाद त्यांनी उकरलाच नाही. ते म्हणाले, मला नागरिकत्व देणारा हुकूम सक्षम न्यायालयाचा आहे. सरकारने तेव्हा अपील केलं नाही. त्या हुकमावर विसंबून मी वकिलीची सनद घेतली, घर घेतलं, लग्न केलं. आता नऊ वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा काढता येणार नाही. आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११ मध्ये 'पूर्वन्याय' म्हणतात तेच तत्त्व. खालच्या कोर्टात जिंकले, १९२६ ला अपिलातही जिंकले, आणि १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज दाखल करून घ्यायला नकार दिला. त्या न्यायालयात तेव्हा सदरलँड बसलेलेच होते.

वऱ्हाडी_वांगं

सखाराम गणेश? आपलाच असन राजेहो!

निवृत्त_मुन्सफ

नाव तसं आहे खरं. परंतु पुराव्याशिवाय बोलणार नाही, सवय आहे. मुंबईचं म्हणाल तर पक्का दाखला वेगळा आहे. भिकाजी बलसारा, मुंबईचे पारशी व्यापारी. त्यांना १९१० साली न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने 'गोरे' ठरवून नागरिकत्व कायम केलं. पारशी म्हणजे मूळ इराणातून आलेले, इतर हिंदुस्थानींहून वेगळे, अशी कारणमीमांसा होती.

एडिसनची_आत्या

आणि जे पंडितांसारखे लढू शकले नाहीत त्यांचं काय झालं तेही लिहा. वैष्णोदास बगाई. १९१५ ला बायको कला आणि तीन मुलांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला आले, दुकान काढलं, १९२१ ला नागरिक झाले. थिंडच्या निकालानंतर ते गेलं. कॅलिफोर्नियात जे नागरिक होऊच शकत नाहीत त्यांना जमीन घेता येत नसे, त्यामुळे मालमत्तेवरही गदा आली. १९२८ साली भारतात जायचं म्हटलं तर अमेरिकन पासपोर्ट नाही, ब्रिटिश पासपोर्ट घ्या म्हणाले. ज्या सरकारला कंटाळून देश सोडला त्याचाच! त्यांनी त्याच वर्षी आयुष्य संपवलं. मागे पत्र ठेवलं, ते तिथल्या वर्तमानपत्रात छापून आलं.

कलाबाई मागे राहिल्या, मुलांना शिकवलं, पुढे नागरिक झाल्या. बर्कलीत आता त्यांच्या नावाचा रस्ता आहे. गेल्या वर्षी लेकीला मुद्दाम घेऊन गेले होते. छोटासाच आहे.

खवचट_खारेदाणे

आत्या, आज खवचटपणा बंद.

धागाकर्त्याला प्रश्न: तुमचा सिनेटर-साक्षीदार सिद्धांत थिंडला लागू पडतो, ठीक. बाकीच्या निकालांचं काय? एका उदाहरणावर सिद्धांत म्हणजे एका पावसावर पेरणी.

तळटीप

रास्त आहे. दुसरं उदाहरण तर आणखी पक्कं आहे.

थिंडनंतर दीड-दोन महिन्यांत, ९ एप्रिल १९२३ ला, अॅडकिन्स खटल्याचा निकाल. वॉशिंग्टन शहरात स्त्रियांसाठी किमान वेतनाचा कायदा होता. एका हॉटेलात लिफ्ट चालवणारी एकवीस वर्षांची विली लायन्स महिना ३५ डॉलर आणि दोन वेळचं जेवण यावर खूश होती. कायद्याप्रमाणे हॉटेलला तिला जास्त द्यावं लागलं असतं, म्हणून त्यांनी तिला काढलं. ती आणि एक रुग्णालय कोर्टात गेले. सदरलँडनी ५ विरुद्ध ३ मतांनी कायदा रद्द केला.

कारण वाचा. ते म्हणतात, पूर्वी स्त्रिया अबला समजल्या जात, पण आता एकोणिसाव्या घटनादुरुस्तीने त्यांना मताधिकार मिळालाय. मग पुरुषाला स्वतःच्या मजुरीचा करार करायचं जे स्वातंत्र्य आहे ते स्त्रीला का नको? ही तीच दुरुस्ती, जिच्यासाठी हे स्वतः सिनेटमध्ये उभे राहिले होते! स्वतःच्या हाताने लावलेल्या झाडाची फांदी तोडून तिचाच सोटा केला. आणि त्यांना यात विसंगती दिसत नव्हती, हे महत्त्वाचं. त्यांच्या लेखी समानता म्हणजे सरकारने दोघांनाही सारखंच मोकळं सोडणं. सिनेटमध्येही तेच, कोर्टातही तेच. होम्ससारखा ऐंशी ओलांडलेला न्यायमूर्ती विरोधात लिहितो की स्त्री-पुरुषांत काही फरकच नाही हे मला पटायला एकोणिसावी दुरुस्ती पुरणार नाही. मुख्य न्यायमूर्ती टाफ्टसारखा पक्का रिपब्लिकनही विरोधात होता.

निवृत्त_मुन्सफ

तळटीप, अॅडकिन्सचा उल्लेख केलात हे बरं झालं, कारण या खटल्याचा धागा थेट आपल्या घटनेपर्यंत येतो.

किमान वेतनाच्या बाजूने, म्हणजे हरलेल्या बाजूने, युक्तिवाद कुणी केला? हार्वर्डचे प्राध्यापक फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी. 'ड्यू प्रोसेस' (रीतसर न्यायप्रक्रियेशिवाय कुणाचं जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता हिरावू नये, ही अमेरिकन घटनेतली हमी) या दोन शब्दांच्या जोरावर न्यायाधीश कामगार कायदे कसे उडवतात हे त्यांनी सदरलँडपुढे उभं राहून सोसलं. पुढे १९३९ साली ते स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले.

आता १९४७. आपले घटना सल्लागार सर बेनेगल नरसिंग राव अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. फ्रँकफर्टर त्यांना भेटले आणि म्हणाले, ड्यू प्रोसेसच्या भानगडीत पडू नका. लोकनियुक्त विधिमंडळाचे कायदे मूठभर न्यायाधीशांच्या हाती जातात, हे लोकशाहीलाही धरून नाही आणि न्यायाधीशांवरही नाहक बोजा पडतो. राव परत आले, मसुद्यातून ते शब्द गेले आणि त्या जागी 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' आली.

डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत यावर चांगली जुंपली. मध्य प्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी 'ड्यू प्रोसेस' परत घाला अशी दुरुस्ती मांडली. मुंबईचे कन्हैयालाल मुन्शी त्या बाजूने बोलले. डॉ. आंबेडकरांनी १३ डिसेंबरला उत्तर दिलं. त्यांनी कुठल्याच बाजूला कौल दिला नाही. पक्षाच्या तंत्राने चालणारं विधिमंडळ नागरिकांचे हक्क तुडवू शकतं, तसंच पाच-सहा न्यायाधीश आपल्या मतांनुसार कायदे मोडू शकतात. दोन्ही धोके खरे आहेत, सभागृहाने ठरवावं, असं ते म्हणाले. दुरुस्ती पडली. पुढच्या वर्षी बाबासाहेबांनी अटकेबाबतच्या हमीचं कलम आणलं आणि ही त्या नुकसानीची भरपाई आहे असं मोकळेपणी सांगितलं. तेच आजचं कलम २२.

मग आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे १९५० चा गोपालन (कायद्यात कार्यपद्धती असली की पुरे) आणि १९७८ चा मनेका गांधी (ती न्याय्य आणि वाजवीही हवी) हे निकाल, हा पुढचा प्रवास आपल्याला माहीत आहे. मी वकिली सुरू केली तेव्हा गोपालनचा निकाल हाच कायदा होता.

बाराखडी

मुन्सफसाहेब, हे नवीन होतं मला. स्वतंत्र धागा काढा ना.

वऱ्हाडी_वांगं

करीमुद्दीन साहेब आपल्या वऱ्हाडचे, आन् आमाले शाळेत कोनी सांगतलं नाई. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

रिकामटेकडी

मी वास्तुविशारद. आमच्याकडे सदरलँड हे नाव वेगळ्याच कारणाने घेतात. १९२६ चा युक्लिड खटला. क्लीव्हलँडच्या शेजारचं युक्लिड गाव. गावाने ठरवलं, इथे घरं, इथे दुकानं, इथे कारखाने. ज्याची मोठी जमीन होती ती कंपनी कोर्टात गेली, की आमच्या जमिनीची किंमत पाडलीत. सदरलँडसारखा मालमत्तेच्या हक्काचा कैवारी कंपनीची बाजू घेईल असं कुणालाही वाटलं असतं. त्याने गावाची घेतली! उपद्रव म्हणजे बऱ्याचदा योग्य गोष्ट अयोग्य जागी असणं, जसं डुक्कर गोठ्याऐवजी दिवाणखान्यात, असं त्याने लिहिलंय. तेव्हापासून तिथे झोनिंग घटनेच्या चौकटीत बसलं. आपल्या विकास आराखड्यांतले पिवळे-निळे-जांभळे पट्टे त्याच कुळातले.

पण त्याच निकालात बंगल्यांच्या वस्तीतल्या अपार्टमेंटला त्याने जवळपास बांडगूळ म्हटलंय. म्हणजे गरीब भाडेकरूंना लांब ठेवायचं हत्यारही तिथेच तयार झालं.

खवचट_खारेदाणे

हा माणूस कुठल्याच खणात बसेना. अजून कुणाकडे काही?

तळटीप

अजून एक, आणि ही त्यांची सगळ्यात चांगली बाजू. १९३१ साली अलाबामात मालगाडीतून जाणाऱ्या नऊ काळ्या पोरांवर दोन गोऱ्या मुलींवर बलात्कार केल्याचा आरोप आला. स्कॉट्सबरोला खटले दिवसादिवसांत उरकले आणि आठ जणांना फाशी सुनावली. सबंध गावच्या वकिलांना मिळून वकील नेमलं होतं, म्हणजे कुणालाच नाही. १९३२ च्या पॉवेल निकालात सदरलँडनी शिक्षा रद्द केल्या. शिकलेल्या, हुशार माणसालाही कायद्याची कला अवगत नसते. निर्दोष असला तरी आपलं निर्दोषत्व सिद्ध कसं करायचं हे त्याला कळत नाही. मग अडाण्याचं काय, असा तो उतारा आहे. ज्या 'ड्यू प्रोसेस'ने लिफ्टवालीचा पगार रोखला, त्याच 'ड्यू प्रोसेस'ने या पोरांना वकील दिला.

निवृत्त_मुन्सफ

हा निकाल आपल्याकडेही चर्चिला गेला. १९५१ च्या जनार्दन रेड्डी खटल्यात, तेलंगणातल्या फाशीच्या कैद्यांच्या अर्जावर, आपल्या सर्वोच्च न्यायालयात पॉवेलचा ऊहापोह झाला होता. अर्जदारांना त्याचा उपयोग झाला नाही.

बाराखडी

तळटीप, पॉवेल मान्य, पण तुमच्या सिद्धांताला एक भोक आहे. १९३७ मध्ये वेस्ट कोस्ट हॉटेलच्या निकालात एल्सी पॅरिश या सफाई कामगार बाईच्या बाजूने कोर्टाने अॅडकिन्स उलटवला, ५ विरुद्ध ४. तेव्हा सदरलँड विरोधात लिहितात की अर्थव्यवस्थेच्या भरती-ओहोटीबरोबर घटनेचा अर्थ बदलत नाही. १९३४ मध्ये मिनेसोटाने कर्जबाजारी घरमालकांना मुदतवाढ दिली तेव्हाही हेच: हलाखीत कर्जदारांना सरकारने वाचवू नये म्हणूनच घटनेत करार न मोडण्याचं कलम घातलं, आता हलाखी आली म्हणून ते बाजूला कसं ठेवता? शब्दाचा मूळ अर्थ तोच खरा, हे त्यांचं व्रत. मग १७९० च्या 'गोऱ्या' शब्दाचा अर्थ १९२३ च्या रस्त्यावरच्या माणसाला का विचारला?

तळटीप

त्यांचं उत्तर असं असतं की मी १७९० च्याच साध्या माणसाचा अर्थ शोधत होतो. निकालात तसं म्हटलंयही. पण मग दक्षिण आणि पूर्व युरोपातून नंतर आलेल्यांना, ज्यांना १७९० च्या माणसाने नक्कीच आपलं मानलं नसतं, त्यांना ते सहज आत घेतात, कारण ते 'मिसळून गेले'. म्हणजे भोक आहे. कबूल. इंग्लंडात जन्मून दीड वर्षाच्या आत इथे आलेल्या माणसाला आपणही बाहेरून आलोय हे कधी जाणवलंच नसणार, कारण त्याला दारात कुणी थांबवलं नव्हतं.

एडिसनची_आत्या

थिंड यांचं पुढे काय?

तळटीप

१९३५ साली काँग्रेसने पहिल्या महायुद्धात लढलेल्या आशियाई सैनिकांसाठी कायदा केला. त्याखाली थिंड १९३६ मध्ये न्यूयॉर्कला नागरिक झाले. तिसऱ्यांदा! पहिल्यांदा १९१८ ला मिळून चार दिवसांत गेलं होतं, दुसऱ्यांदा १९२० चं सदरलँडनी घालवलं. बाकी भारतीयांना १९४६ पर्यंत थांबावं लागलं, तेव्हाही वर्षाला शंभर माणसांचा कोटा.

सदरलँड जानेवारी १९३८ मध्ये निवृत्त झाले, म्हणजे थिंड तिसऱ्यांदा नागरिक झाले तेव्हा ते न्यायासनावरच होते. निवृत्तीनंतर लाच खाल्लेल्या मार्टिन मँटन या न्यायाधीशाचं अपील ऐकायला त्यांना पुन्हा बोलावलं. शिक्षा कायम केली. जुलै १९४२ मध्ये मॅसॅच्युसेट्सला वारले.

खवचट_खारेदाणे

आणि तो विल्यम किंग? ज्याने पाडलं म्हणून हे सगळं घडलं?

तळटीप

१९४१ पर्यंत सिनेटमध्ये.